ग्वेल्फोचं इंग्रजी

घरून, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून
सोमवार, २० सप्टेंबर १९६५

प्रिय आणि आदरणीय फोस्काताई,

तुला इथूनच वाकून नमस्कार, आणि एजिस्तोदाजींच्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार, कारण तुझ्या मागच्या पत्रात डाव्याची तक्रार होती आणि त्याच्या मागच्या पत्रात उजव्याची. (आई म्हणते, अकरा वर्षं इंग्लंडात विटांच्या भट्टीपुढे उभं राहून माणसाला गुडघे उरलेत हेच पुष्कळ.) तुझी तब्येत कशी आहे? इस्पितळाच्या स्वयंपाकघरात अजून तुला बटाटेच सोलायला देतात की बढती मिळाली? इकडे आई ठणठणीत आहे. ऐकू कमी येतं असं ती सांगते, पण जे ऐकायचं नसतं तेवढंच तिला ऐकू येत नाही. तू पाठवलेला चहाचा डबा पोचला. आईने तो सूप करतात तसा तासभर उकळला, आम्ही दोघांनी एकेक चमचा चाखला आणि एकमेकांकडे बघितलं. उरलेल्या पाण्याने मी खिडकीची चौकट रंगवली. अक्रोडाचा असा सुरेख रंग आला आहे की शेजारचे विचारून गेले, डबा कुठल्या कंपनीचा. तेव्हा तुझा चहा वाया गेला असं मनात आणू नकोस.

आता जे सांगायचं त्याला सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, म्हणून आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. ती तुला चार वर्षं कळवली नाही, कारण तू मोठी बहीण आहेस आणि पत्रातूनसुद्धा कान धरू शकतेस. गावात मला हल्ली ‘अमेरिकन’ म्हणतात. ‘लेआर्को अमेरिकन कुठे गेला, भिंतीला ओल आली आहे,’ असं म्हणतात. हिवाळाभर मी गिलावा करतो आणि उन्हाळ्यात दोव्हीलिओच्या वाद्यवृंदात गातो, एवढं तुला माहीत आहे. पण काय गातो ते माहीत नाही. मी इंग्रजीत गातो.

तू आता पत्र खाली ठेवून दाजींना हाक मारली असशील. पण ऐकून घे. चार वर्षांपूर्वी सगळ्या तरुण पोरांना एकाएकी वॉल्ट्झ आणि माझुर्का नकोसे झाले. रेडिओवर जे लागतं तसलं द्या म्हणाली. दोव्हीलिओ अकॉर्डियन मांडीवर घेऊन रडकुंडीला आला. मला म्हणाला, “लेआर्को, काहीतरी इंग्रजी म्हण, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात हा नाचाचा हॉल बिलियर्डवाल्यांना जाईल.” मी म्हटलं, मला इंग्रजी येतं कुठे? तो म्हणाला, इथे कुणाला येतं? हे त्याचं बोलणं मला पटलं. आपल्याकडे येतात ते सगळे जर्मन (इंग्रज लोक रिमिनीच्या पुढे सरकत नाहीत), शाळेत शिकवतात ती फ्रेंच, आणि डॉन सेकोंदो, म्हणजे आपले पाद्रीबाबा, त्यांना लॅटिन पुरतं. तेव्हा मी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि आतून ग्वेल्फो बाहेर आला.

ग्वेल्फो तुला आठवत असेलच. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात लढाई सेनिओ नदीवर येऊन अडली आणि इंग्रजांचे शिपाई घराघरात राहायला आले, तेव्हा आपल्या वाट्याला तो आला होता. बाबांना जर्मनांनी आदल्याच वर्षी धरून नेलेलं. घरात आई, सतरा वर्षांची तू आणि नऊ वर्षांचा मी. त्याचं खरं नाव आईच्या जिभेला कधी जमलं नाही, म्हणून तिने त्याला ग्वेल्फो करून टाकलं आणि त्यानेही मुकाट्याने ते घेतलं. पावाची लॉरी चालवायचा. तुला आई त्याच्यासमोर फारशी येऊ द्यायची नाही (का ते तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळतं), म्हणून तुझ्या वाट्याला त्याचं इंग्रजी कमी आलं आणि माझ्या वाट्याला सगळंच्या सगळं आलं. तो दिवसभर बोलायचा. लॉरीशी बोलायचा, चुलीशी बोलायचा, कांदा चिरताना कांद्याशी बोलायचा. ऐकणाऱ्याला काही कळावं अशी त्याची अपेक्षाच नसायची. आणि मी त्याच्या पायाशी बसून ऐकायचो, जसं दुसरी मुलं समुद्राकडे बघत बसतात.

ताई, तू आता त्या भाषेत अकरा वर्षं राहते आहेस, तुला ती आता नुसती भाषा वाटत असेल. पण ज्याला कळत नाही त्याला ती कशी ऐकू येते, हे एकदा आठवून बघ. आपले शब्द कसे, निघताना दार नीट लावून घेतात, प्रत्येकाच्या शेवटी एक स्वर असतो. त्याचे शब्द दार उघडंच टाकून जायचे. तोंडात गरम बटाटा आहे, तो गिळायचाही नाही आणि थुंकायचाही नाही, अशा बेताने तो बोलायचा. मध्येच एखादा ‘र’ यायचा, तो आपल्यासारखा खडखडत नाही, ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसा सरकत जातो. आणि वाक्य संपत आलं की आवाज हळूहळू खाली यायचा, लांबून चालत आलेला माणूस बाकावर टेकतो तसा. त्यात मला कधी शब्द ऐकू आलेच नाहीत. एक मोठं, धुकट, मऊ हवामान ऐकू यायचं. मी ते रात्री पांघरुणात हळूच करून बघायचो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी इतका घाबरलो, की कोणीतरी दुसराच माणूस माझ्या तोंडात येऊन राहिला आहे असं वाटलं.

तर तेच मी हॉलमध्ये केलं, दोव्हीलिओच्या चालीवर. थंडीत सकाळी लॉरी सुरू होत नसे तेव्हा ग्वेल्फो तिच्या पोटात तो लोखंडी दांडा फिरवत एकच ओळ म्हणायचा, आधी हळू, मग मोठ्याने, मग फारच मोठ्याने: “कमानिया ब्लादितिन.” ती मी ध्रुवपद म्हणून घेतली. आतल्या कडव्यात “वेरिस् माइती, वेरिस् माइती” असं आहे, ते तो चुलीकडे बघून म्हणायचा, ते मी डोळे ओले करून म्हणतो. लोक वेडे झाले. पहिल्याच रविवारी ते गाणं पाच वेळा घ्यावं लागलं. आता लहान मुलं शाळेत जाताना ते म्हणतात. औषधवाल्याचं म्हणणं, इटलीत जशी आपली रोमान्या, तशी कमानिया ही अमेरिकेतली एक भूमी असणार, आणि गाणारा तिच्यापासून ताटातूट झाल्याने रडतो आहे. आदेल्मो कोळ्याने आपल्या नव्या होडीचं नाव ‘कमानिया’ ठेवलं आणि डॉन सेकोंदोंनी तिच्यावर तीर्थ शिंपडलं. मी काय करणार? मी गप्प राहिलो. माणूस एकदा गप्प राहिला की गप्प राहण्याची सवय होते, आणि गावाला वाटतं हा विद्वान आहे.

मग या जून महिन्यात ती बाई आली.

रिमिनीच्या बसमधून एकटीच उतरली. साठीच्या पुढची, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात छत्री (आकाशात ढगाचा तुकडा नाही), आणि छातीशी घट्ट धरलेली हँडबॅग. अर्मीदाच्या लॉजमध्ये तिने खोली घेतली आणि त्या क्षणापासून ती एकच शब्द म्हणत राहिली: “विल्फ.” अर्मीदाला वाटलं ‘गोल्फ’ म्हणते आहे, आपल्याकडे स्वेटरला म्हणतात तो. म्हातारी माणसं, थंडी वाजत असेल, म्हणून तिने आपला लोकरीचा गोल्फ आणून तिच्या खांद्यावर घातला. बाईने आभार मानले, गोल्फ काढून घडी केली आणि पुन्हा म्हणाली, “विल्फ.” अर्मीदाने दुसरा आणला, जाडा. दुपारपर्यंत बाईच्या खाटेवर तीन गोल्फ झाले आणि अर्मीदाचा धीर सुटला. मग बाईने बॅगेतून एक फोटो काढून दाखवला. अर्मीदा लग्न होऊन आली ती पन्नास साली, फेराऱ्याहून, तिला लढाईच्या वेळचं इथलं काय माहीत? तिला वाटलं, नवऱ्याचा फोटो दाखवते आहे. तिने नवऱ्याचं तोंडभर कौतुक केलं आणि फोटो पुसून परत दिला. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर आले आणि फ्रेंचमध्ये बोलले. मग डॉन सेकोंदो आले आणि लॅटिनमध्ये बोलले. बाईने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं, दोघांशी हात मिळवला, आणि खोलीत जाऊन रडली. अर्मीदाने दाराआडून ऐकलं. तेव्हा सगळ्यांना एकदमच आठवलं, की आपल्या गावात चांगला इंग्रजी जाणणारा माणूस असताना आपण भलतीकडे कशाला धावतो आहोत.

शनिवारी सकाळी मी बँकेमागच्या गल्लीत परांचीवर होतो. खाली बघतो तर अर्मीदा, पोस्टमास्तर, पाद्रीबाबा आणि मागे पंधरा-वीस माणसं, प्रेतयात्रेला निघाल्यासारखी. मी सांगितलं, चुना ओला आहे. पोस्टमास्तर म्हणाले, सुकेल. मी सांगितलं, घसा बसला आहे. अर्मीदा म्हणाली, कालच तर गाणं म्हणत होतास. शेवटी मी सांगितलं की मला येतं ते अमेरिकन, आणि ही इंग्रज दिसते. त्यावर डॉन सेकोंदो वर बघून शांतपणे म्हणाले, “लेआर्को, एक म्हातारी बाई परक्या गावात दोन दिवस रडते आहे. खाली ये.”

उतरलो. ताई, तुला खोटं सांगत नाही, वाटेत मी दोनदा पळून जायचा विचार केला. एकदा चर्चच्या बाजूला आणि एकदा कालव्याच्या. भीती नुसती फजितीची नव्हती. हॉल जाईल, दोव्हीलिओच्या घरची चूल जाईल, आणि आईला बाजारात मान खाली घालून फिरावं लागेल, हे सगळं एकदम डोक्यात आलं. लॉजच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. बाई मधोमध बसलेली, पुढ्यात कप. मला बघून ती उठली आणि बोलू लागली.

वीस वर्षांनी ते हवामान पुन्हा इतक्या जवळून ऐकलं. रेडिओवरचं इंग्रजी असं नसतं, ते पॉलिश केलेलं असतं. हे तसंच होतं, तोच गरम बटाटा, तीच उघडी दारं, वाक्याच्या शेवटी तेच बाकावर टेकणं. ती बोलत होती ते मला कळत नव्हतं, पण ते कुठून येतं ते मला कळत होतं. ती थांबली. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी बोबडी वळली होती, आणि बोबडी वळलेली असताना मला एकच गोष्ट येते. मी ग्वेल्फोसारखा घसा खाकरला (दोनदा, दुसरा खाकर लांब), मान तिरकी केली आणि सुरू झालो. “ओराइ देन, ओराइ देन,” इथून निघालो ते कांद्यापाशी आलो, चुलीपाशी आलो, पावसावर आलो. काय म्हणतो आहे ते देव जाणे, पण ज्या क्रमाने तो एका सकाळी बोलायचा त्या क्रमाने सगळी सकाळ बोललो.

बाईने हातातला कप खाली ठेवला. तिचं तोंड माझ्या चुन्यासारखं पांढरं झालं होतं. मला वाटलं, संपलं, आता ही ओरडणार. थांबायची मला जास्त भीती वाटली, म्हणून मी बोलतच राहिलो. ती हळूहळू पुढे आली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली, दाताचा डॉक्टर बघतो इतक्या जवळून, जणू आत कोणीतरी बसलेलं आहे. मग तिने डोळे मिटून घेतले. अर्मीदा माझ्या बरगडीत ढोसून विचारत होती, “काय म्हणते, काय म्हणते?” मी म्हटलं, ऊन फार आहे असं म्हणते. त्याच वेळी बाईने बॅग उघडून तो फोटो माझ्यापुढे धरला.

फोटोत आपलं अंगण होतं. आपली विहीर, आपलं अंजिराचं झाड, लॉरी, लॉरीला टेकलेला ग्वेल्फो, आणि लॉरीच्या टपावर बाबांची विजार घालून बसलेला एक काटकुळा पोरगा, ज्याचे कान कुणाच्याही नजरेतून सुटणार नाहीत. मी म्हटलं, ग्वेल्फो. ती म्हणाली, विल्फ. मी पुन्हा म्हटलं, ग्वेल्फो, आणि तिने माझे दोन्ही कान हातात धरले आणि सोडलेच नाहीत. मागे अर्मीदा कुणालातरी दबक्या आवाजात विचारत होती, “मग हिला गोल्फ नको होता?”

मी तिला घरी आणलं. गाव मागोमाग आलं, पण आईने दाराशी येऊन एक नजर टाकली तसं सगळं गाव अंगणाबाहेर थांबलं. आईने फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला, लांब धरून बघितला, आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर ती रागावली. वीस वर्षं तिच्या पोटात तो राग होता, तुला माहीत आहे. सहा महिने घरातला एक माणूस म्हणून वागवलं आणि गेल्यावर एक साधं कार्ड टाकता येऊ नये? बायको केली असेल, मुलं झाली असतील, कशाला आठवण ठेवेल? हे सगळं तिने त्या बाईला आपल्या बोलीत स्पष्ट सुनावलं. बाईने एवढंच ओळखलं, की काहीतरी विचारलं जातं आहे. तिने बॅगेतून पेन्सिल काढली, फोटोच्या पाकिटावर हात धरलेला मुलगा आणि मुलगी काढून मुलीवर आणि मग स्वतःवर बोट ठेवलं (म्हणजे ती त्याची बहीण), मग नदी काढली, तशा लाटालाटांची, तिच्या पलीकडच्या काठाला एक छोटा क्रूस काढला, आणि त्याच्याखाली आकडे लिहिले. एप्रिल पंचेचाळीस. आकडे सगळ्यांना वाचता येतात. म्हणजे आपल्याकडून निघाल्यावर तो पुरते दोन आठवडेसुद्धा जगला नाही, ताई. आपण त्याला वीस वर्षं कृतघ्न म्हणत होतो आणि तो इथेच, सायकलवरून जाऊन यावं इतक्या अंतरावर पडला होता.

आईने चुलीवर कॉफीचं भांडं चढवलं. पाठ आमच्याकडे होती, बराच वेळ ती पाठच दिसत होती. मग तिने कप भरला आणि बाईच्या हातात दिला. बाईने तो दोन्ही हातांनी घेतला, आणि कुणीही न सांगता, अगदी सहज, सवयीने म्हणाली, “तालव्ह.”

तुला आठवतं का? ग्वेल्फो आईला याच नावाने हाक मारायचा. पाव दिला, तालव्ह. शर्ट धुऊन दिला, तालव्ह. आर्जिया हे नाव त्याला जमत नसेल म्हणून त्याने आपल्या भाषेत तिचं नवं नाव ठेवलं आहे, असं आई सगळ्यांना अभिमानाने सांगायची. बाबा परत आल्यावर त्यांनी ते ऐकून भुवया चढवल्या होत्या, म्हणून मग तिने सांगायचं सोडलं. आई मटकन खुर्चीवर बसली. मला म्हणाली, “तिला माझं नाव ठाऊक आहे रे. त्याने घरी पत्रात माझं नाव कळवलं होतं.” आणि मग रडली. आपल्या आईला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं आहे, तेही बाबांना नेलं तेव्हा. सिन्योरा इल्दाने (हिल्डा की काय असं नाव आहे, गावाने इल्दा केलं) आपली खुर्ची जवळ ओढली, आणि त्या दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. एक शब्द एकीचा दुसरीला कळत नव्हता. मी मध्ये दुभाषा म्हणून दोनदा तोंड घालायला गेलो, तर आई म्हणाली, “तू गप्प बस, आमचं चाललं आहे.”

दुसऱ्या दिवशी रविवार, दुपारचा नाच. अर्मीदा तिला हॉलमध्ये घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसवलं. मी दोव्हीलिओला हात जोडले, आज ते नको. पण लोक पाय आपटू लागले. घेतलं. “कमानिया” एवढं म्हणताच सिन्योरा इल्दाची मान झटकन वर आली. “ब्लादितिन”ला तिने तोंडावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, बिचारी, गावाची आठवण आली. पण तिचे खांदे हलत होते, ताई, आणि ते रडण्याचे नव्हते. दुसऱ्या वेळी सगळा हॉल एका सुरात ते ओरडला, पुढे पाद्रीबाबा टाळ्यांवर ताल धरून, आणि ती बाई लालबुंद झाली, डोळ्यांतून पाणी, टोपी तिरकी. तिसऱ्या वेळी ती उठून उभी राहिली आणि आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने तिने ते म्हटलं. तिने म्हटल्यावर कळलं की आमचा उच्चार किती बरोबर होता. टाळ्यांनी छत पडायचं बाकी राहिलं. औषधवाला म्हणाला, देशभक्ती असावी तर अशी.

सोमवारी तिला बसपर्यंत सोडायला मी एकटा गेलो, कारण मला तिच्याशी एक बोलायचं होतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. बस दिसू लागली तेव्हा छत्री तिच्या हातात देऊन मी आपल्याच बोलीत सांगून टाकलं, “सिन्योरा इल्दा, मला इंग्रजी येत नाही. एक अक्षर येत नाही. मी बोलतो ते तुमच्या भावाचं आहे, आणि त्याचा अर्थ मला ठाऊक नाही.” तिने फार लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्या गालावर थोपटलं आणि ती काहीतरी लांबलचक बोलली, ज्यातलं मला काही कळलं नाही. दोव्हीलिओ म्हणतो, तिला पहिल्या मिनिटालाच सगळं समजलं असणार, कितीही झालं तरी तिची भाषा आहे. मग मला त्यानंतर राहून राहून एकच वाटतं. तीन दिवस, चारचौघांत, माझ्या प्रत्येक बडबडीनंतर ती गंभीरपणे मान हलवत होती, उत्तर देत होती, मध्येच मला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत होती, जणू आम्ही मोठ्या विषयावर बोलतो आहोत. माझी अब्रू तिने गावासमोर हातात धरून ठेवली होती आणि मला वाटत होतं की मीच तिला फसवतो आहे. बस सुटायच्या आधी तिने खिडकीतून बोटाने खूण केली, पुन्हा एकदा. मी खिडकीखाली उभा राहून ग्वेल्फोची सकाळ म्हटली. तिने डोळे मिटून काचेला डोकं टेकवलं. ड्रायव्हर आपला रॉमोलो, उशीर झाला की आईबहीण काढणारा माणूस, त्याने बस बंद करून ठेवली आणि टोपी काढून बसला.

हे सगळं सांगायचं होतं. आता आई हाक मारते आहे, म्हणून पुरे करतो. दाजींनी गुडघ्याला डुकराची चरबी कोमट करून लावावी असा तिचा निरोप आहे.

तुझा धाकटा भाऊ,
लेआर्को

ता. क. सोबत एक पाकीट ठेवलं आहे. सिन्योरा इल्दाचं पत्र आहे, चार पानांचं, गेल्या मंगळवारी आलं. पोस्टमास्तरांनी ते स्वतः आणून दिलं आणि खुर्ची घेऊन बसले. मला ते सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागलं. मी वाचलं. ती सुखरूप आहे, अर्मीदाच्या सुपाची तिला आठवण येते, आपल्या चर्चची घंटा तिला फार आवडली. पोस्टमास्तरांचा उल्लेख नव्हता म्हणून त्यांचं तोंड पडलं, तेव्हा दुसऱ्या वाचनात तो घातला. आता कॅफेत रोज वाचन होतं आणि पत्र रोज वाढतं आहे, कालच्या वाचनात तिने आदेल्मोच्या होडीची चौकशी केली. तेव्हा तू तातडीने मूळ पत्रात काय आहे ते कळव, म्हणजे निदान मला तरी माहीत असेल.

ता. क. खरं कारण आता लिहितो. पाकिटात पत्राबरोबर आगगाडीचं आणि बोटीचं तिकीट होतं, त्यावर माझं नाव आहे. ते मी वाचनात सांगितलेलं नाही. आणि एक फोटो होता, तोही तुला पाठवतो आहे, हरवू नकोस. दारात खुर्ची टाकून बसलेली एक फार म्हातारी बाई, एक तळहात कानामागे धरलेला. पाठीमागे ९१ हा आकडा आहे आणि त्याच्यापुढे एक शब्द, तो मला न शिकता वाचता आला, कारण तो आपल्या ‘माम्मा’च्या फार जवळचा आहे. तिची आणि ग्वेल्फोची आई जिवंत आहे, ताई. मला वाटतं मला तिच्यासाठी बोलावलं आहे. पत्र वाचून हे बरोबर आहे का तेवढं सांग, आणि असेल तर मी येतो. आधी तुझ्याकडे उतरतो, मग तू मला त्या गावाच्या गाडीत बसवून दे. विजार आणि कोट इस्त्री करून ठेवला आहे.

ता. क. एक फार महत्त्वाचं. मी आल्यावर मला इंग्रजीचा एकही शब्द शिकवू नकोस. नमस्कारसुद्धा नको. कुठल्या शब्दाचा अर्थ काय, हे कळलं की मी तो नीट म्हणायला जाईन आणि आवाज माझा होईल. त्या म्हातारीला माझा आवाज काय करायचा आहे? दाजींनाही बजावून ठेव. ते हौशी आहेत, स्टेशनावरच सुरू होतील.